पाचव्या महिन्यात पिशवीचं तोंड उघडलं: पीसीओडी आणि शुगरचा संबंध असतो का?

मेथीदाणा

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, आधीच सांगून ठेवते.

वय ३१, नाशिक. पीसीओडी कॉलेजपासून. पाळी दोन-दोन महिने लांबायची, हनुवटीवर केस, मान मागून काळवंडलेली. लग्नाला सहा वर्षं झाली. लेट्रोझोलच्या (अंडं फुटण्यासाठीची गोळी) तिसऱ्या सायकलला दिवस राहिले. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी आधीपासून चालू होती, ती आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी बंद केली. एकोणीस आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी ॲनॉमली स्कॅन (बाळात व्यंग नाही ना हे पाहणारी सोनोग्राफी) केला. बाळ छान होतं. रिपोर्टच्या अगदी खालच्या ओळीत गर्भाशयमुखाची, म्हणजे पिशवीच्या तोंडाची लांबी ३.१ सेंमी लिहिलेली. ती ओळ मी तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती.

बारा दिवसांनी, म्हणजे वीस आठवडे पाच दिवस. आदल्या दोन दिवसांपासून कंबर जड होती आणि पांढरं, पाण्यासारखं अंगावर जाणं वाढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, पाचव्यात असं होतं. संध्याकाळी भाकरी थापताना खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. दुखत अजिबात नव्हतं, हे मला आजही खरं वाटत नाही. दुसरी भाकरी तव्यावर तशीच टाकून गेलो. तपासून डॉक्टर म्हणाल्या, तोंड दोन बोटं उघडलंय आणि पाणमोट बाहेर डोकावतेय. रात्री अडीचला सगळं संपलं. मुलगा होता, ३४० ग्रॅम.

चौथ्या दिवशी मला दूध आलं. असं होऊ शकतं हे कोणीही सांगितलेलं नव्हतं. टॉवेल घट्ट बांधून बाथरूममध्ये बसले होते.

नंतरचे रिपोर्ट: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.०, थायरॉइडचं टीएसएच ३.८, वारेच्या तपासणीत इन्फेक्शन नाही. डॉक्टरांनी फाइलवर 'तोंड कमजोर' अशा अर्थाचं लिहिलं आणि पुढच्या वेळी तोंड बंद ठेवायला टाका घालू म्हणाल्या. का झालं, यावर उत्तर एकच, "होतं असं कधीकधी." घरात मात्र सगळ्यांकडे उत्तर तयार आहे: वजन. मी ७८ किलो आहे.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पीसीओडी, इन्शुलिन, थायरॉइड यांचा पिशवीच्या तोंडाशी खरंच काही संबंध असतो का? आणि असेल, तर हे आधी कळू शकलं असतं का?

---

सुमाकाकू

अगं पोरी, काय लिहू. आधी जेव, झोप. माझ्या धाकट्या जावेचं सत्याऐंशी साली असंच गेलं होतं पाचव्यात. पुढच्या खेपेला तिच्या खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवल्या आणि सहा महिने खाली उतरू दिलं नाही. आता तो मुलगा कॅनडात आहे. पुढच्या वेळी पूर्ण बेडरेस्ट घे, एवढंच सांगते.

---

पानगळ

मेथीदाणा, फार वाईट वाटलं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, अठरा वर्षं हेच काम करते. इथे बसून तुझं निदान करणार नाही. पण तुझे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि "होतं असं कधीकधी" हे त्यांचं उत्तर नव्हे.

पिशवीचं तोंड म्हणजे आवळून धरलेली मूठ, असं बहुतेकांना वाटतं. मूठ सैल पडली की बाळ निसटलं. तसं नाही ते. गर्भाशयाचं अंग स्नायूंचं आहे, तोंड मात्र मुख्यतः कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं. दोरखंडाचे पीळ जसे एकमेकांत गच्च बसतात तसे त्याचे धागे असतात. नऊ महिने ते पीळ टिकवायचे आणि शेवटी काही दिवसांत सोडवायचे, ही सगळी कामगिरी संप्रेरकांच्या हुकुमावर चालते. प्रोजेस्टेरॉन पीळ राखतं. प्रसूती जवळ आली की त्याचा प्रभाव ओसरतो, कोलॅजेन विस्कटतं, पाणी धरून ठेवणारे पदार्थ वाढतात आणि नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असलेलं तोंड ओठासारखं मऊ होतं. आम्हाला शिकवताना हीच उपमा दिली जाते, नाक आणि ओठ. जे अडतिसाव्या आठवड्यात व्हायचं ते विसाव्यात झालं, की तुझ्यासारखी घटना घडते. कळा नाहीत, रक्त नाही. म्हणून दुखलं नाही. तू काही दुर्लक्ष केलं नव्हतंस.

संप्रेरकांचा या तोंडाशी संबंध असतो याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मात्र पीसीओएसमधून (पीसीओडीचंच दुसरं नाव) आलेला नाही. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४० च्या दशकापासून गर्भवतींना गर्भ टिकावा म्हणून देत असत. १९७१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने गर्भारपणात ते देऊ नका असं बजावलं. ज्या मुली पोटात असताना आईने ते घेतलं होतं, त्यांच्यात पुढे गर्भाशयाचा आकार वेगळा आणि तोंड कमजोर असण्याचं प्रमाण जास्त निघालं. गर्भ टिकवायला दिलेल्या संप्रेरकाने पुढच्या पिढीचे गर्भ सांडले.

आता पीसीओएस. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून २०१२ मध्ये एक अभ्यास आला. पीसीओएस असलेल्या सुमारे हजार गर्भवतींत तोंड कमजोर असण्याचं प्रमाण २.९ टक्के होतं, नसलेल्यांत ०.५ टक्के. दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांत ते इतरांपेक्षा बरंच जास्त होतं, आणि अंडी वाढवणारी गोनॅडोट्रोपिनची इंजेक्शनं घेऊन दिवस राहिलेल्यांतही. म्हणजे संबंध आहे. पण २.९ हा आकडा उलटा करून वाच: शंभरातल्या सत्त्याण्णव जणींना पीसीओएस असूनही काही झालं नाही.

थायरॉइडबद्दल थोडक्यात. टीएसएच ३.८ पुढच्या वेळी दिवस राहण्याआधी आटोक्यात ठेव, अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरोधी अँटिबॉडीजची तपासणी एकदा करून घे, कारण त्या अँटिबॉडीजचा गर्भपाताशी आणि मुदतपूर्व प्रसूतीशी संबंध दिसतो. मात्र थायरॉइडने पिशवीचं तोंड सैल झालं असं म्हणायला पुरेसा आधार नाही.

आणि वजन. आठवड्यातून दोन तरी रडवेल्या मुली याच कारणाने माझ्यासमोर बसलेल्या असतात, म्हणून जरा चिडून लिहिते. वजन जास्त असलेल्या बायकांत गर्भाशयमुख आखूड असतं, असं मोजमापात दिसत नाही. काही अभ्यासांत उलट थोडं लांबच भरलं आहे. स्थूलतेमुळे अतिलवकर प्रसूतीचा धोका वाढतो हे खरं, स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१३ मध्ये ते चांगलं दाखवलं गेलं. त्यामागे जंतुसंसर्ग, दाह, रक्तदाब, शुगर असे बरेच रस्ते आहेत. पण "तू जाड, म्हणून तुझं तोंड उघडलं" हे शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. घरी सांग.

---

चौकस

डॉक्टरबाईंचा प्रतिसाद उत्तम, तरी खोडी काढतो, सवय आहे. हल्ली केस गळले की पीसीओडी, पुरळ आलं की पीसीओडी. नोंदी चाळून काढलेला संबंध म्हणजे कारण नव्हे. पीसीओएसवाल्या बायका उपचार घेऊन गरोदर राहतात, त्यांच्यात जुळी जास्त, तपासण्या जास्त, आधीचे गर्भपात आणि क्युरेटिंग जास्त. तोंड कमजोर होण्यामागे यातलं काहीही असू शकेल. मग इन्शुलिनला कशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं?

---

पानगळ

चौकस, खोडी रास्त आहे. जुळं, जबरदस्तीने तोंड रुंद करून केलेलं क्युरेटिंग, तोंडाचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया, पूर्ण तोंड उघडल्यावर करावं लागलेलं सिझेरियन, जन्मजात पडदा किंवा दोन भागांचं गर्भाशय, एहलर्स-डॅनलॉससारखे कोलॅजेनचे आजार, ही कारणं पीसीओएसपेक्षा जुनी आणि पक्की आहेत. मेथीदाणा, यातलं काही तुझ्या इतिहासात आहे का? गर्भाशयाच्या आकाराची थ्रीडी सोनोग्राफी झाली आहे का? झाली नसेल तर पुढचा विचार करण्याआधी करून घे.

इन्शुलिन पिंजऱ्यात का, तर मेटफॉर्मिनमुळे. नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँडमध्ये पीसीओएस असलेल्या साडेचारशेच्या वर गर्भवतींना चिठ्ठ्या टाकून मेटफॉर्मिन किंवा औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी दिली. २०१९ मध्ये निकाल आला. उशिराचा गर्भपात किंवा मुदतपूर्व प्रसूती मेटफॉर्मिन गटात ५ टक्के, दुसऱ्या गटात १० टक्के. तो एकटा प्रयोग संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडक्यात हुकला. आधीच्या प्रयोगांचे आकडे मिळवल्यावर फरक ठोस झाला. गंमत म्हणजे गर्भारपणातला मधुमेह त्याने टळला नाही. म्हणजे फायदा शुगर कमी झाल्याने झाला की दुसऱ्याच वाटेने, ते प्रकरण अजून उघडंच आहे. दुसरी बाजूही सांगते: मेटफॉर्मिन घेतलेल्या आयांच्या मुलांचं वजन चौथ्या वर्षी सरासरीने थोडं जास्त दिसलं. त्यामुळे काही डॉक्टर गोळी चालू ठेवतात, काही बंद करतात. तुझ्या डॉक्टरांनी बंद केली ही चूक नव्हती. पुढच्या वेळी मात्र हा प्रश्न तू स्वतः काढ.

---

रसायनी

मी प्रयोगशाळेतला प्राणी, माणसांचा डॉक्टर नाही. पण इथे रिलॅक्सिनचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून आलो.

दर महिन्याला अंडं बाहेर पडल्यावर बीजकोशात त्या जागी पिवळसर गाठ उरते. तीच प्रोजेस्टेरॉन बनवते आणि तीच रिलॅक्सिनही बनवते. रिलॅक्सिनचं काम नावातच आहे, ऊती सैल करायच्या. नैसर्गिक पाळीत अशी गाठ सहसा एकच. गोनॅडोट्रोपिनची इंजेक्शनं देऊन चार-पाच अंडी फुटली तर गाठीही चार-पाच, आणि रक्तातलं रिलॅक्सिन त्या प्रमाणात वर. अशा बायकांत रिलॅक्सिन जास्त आणि प्रसूती लवकर, अशी सांगड नव्वदच्या दशकातच घातली गेली होती. वर डॉक्टरांनी सांगितलेल्या अभ्यासात गोनॅडोट्रोपिनवाल्यांना धोका जास्त निघाला, तो धागा इथे जुळतो. लेट्रोझोलवर सहसा एखाददुसरंच अंडं फुटतं, त्यामुळे मेथीदाणाताईंना हे फारसं लागू नसावं.

दुसरं, उंदीर. ५-अल्फा-रिडक्टेज नावाच्या विकराचा (एन्झाइमचा) एक प्रकार काढून टाकलेल्या उंदरिणींची प्रसूतीच अडली. कारण काय, तर रक्तातलं प्रोजेस्टेरॉन वेळेवर उतरलं होतं, पण गर्भाशयमुखातल्या पेशींना ते जागच्या जागी मोडता येत नव्हतं, म्हणून तोंड मऊच झालं नाही. हे विकर टेस्टोस्टेरॉनवरही काम करतं, आणि पीसीओएसमध्ये त्याचं कामकाज वाढलेलं आढळतं. आता यावरून कोणी "म्हणजे पीसीओएसमध्ये प्रोजेस्टेरॉन तोंडापाशी लवकर मोडत असेल" अशी उडी मारेल. मीच मनातल्या मनात मारली होती. पण उंदराचं गर्भारपण एकोणीस-वीस दिवसांचं असतं आणि शेवटी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कोसळतं. माणसात ते प्रसूतीपर्यंत चढंच राहतं. तेव्हा उंदीर ते नाशिक हा प्रवास सांभाळून.

---

मेथीदाणा

सगळ्यांचे आभार. पानगळताई, क्युरेटिंग कधी झालेलं नाही. थ्रीडी सोनोग्राफीही नाही, करून घेते.

"वजनामुळे नाही" हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, फोन घेऊन आत आईच्या खोलीत गेला.

पण ३.१ सेंमी कोड्यात टाकतंय. बारा दिवस आधी लांबी चांगली होती ना?

---

पानगळ

हा प्रश्न यावा अशी वाटच पाहत होते. स्कॅन पोटावरून केला होता का? आणि आधी पाणी प्यायला सांगितलं होतं का?

---

मेथीदाणा

हो. पोटावरून. लिटरभर पाणी पिऊन पाऊण तास बाहेर बाकड्यावर बसवलं होतं. फॉर्मवर सही करताना हात थरथरत होता, इतकी लागली होती.

---

पानगळ

तर मग ऐक. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाच्या खालच्या भागावर दाब देतं, त्याच्या पुढच्या-मागच्या भिंती चिकटतात आणि तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसतं. आतून उघडायला लागलेलं असलं तरी झाकलं जातं. पोटावरून मोजलेली लांबी चाळणी म्हणून ठीक, भरवशाची नाही. खरं माप योनीमार्गातून, ज्याला आपण टीव्हीएस म्हणतो, आणि तेही मूत्राशय रिकामं असताना. चांगला सोनोग्राफर तीनदा मोजतो, मधे पोटावर हलका दाब देऊन पाहतो आणि सर्वांत कमी भरलेलं माप लिहितो. पाचव्या महिन्यात सर्वसाधारणपणे ३.५ ते ४ सेंमीच्या आसपास असतं, चोवीस आठवड्यांच्या आत २.५ च्या खाली गेलं की आखूड. लांबीखेरीज आकारही पाहतात. आतलं तोंड बंद असेल तर इंग्रजी टीसारखं दिसतं, मग वायसारखं, व्हीसारखं, शेवटी यूसारखं.

तुझं त्या दिवशी खरंच ३.१ होतं की नव्हतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते डोक्यात घोळवत बसू नकोस. पण "आधी कळू शकलं असतं का" याचं प्रामाणिक उत्तर, कदाचित. पीसीओएस, आधीची शुगर, उपचाराने राहिलेले दिवस, हे एकत्र दिसल्यावर ॲनॉमली स्कॅनसोबतच पाच मिनिटांचा टीव्हीएस सांगायला हवा असं माझं मत आहे. सगळीकडे तो नियम नाही. मी सांगते. त्या संप्रेरकांच्या जोखमीचा व्यवहारातला उपयोग एवढाच: कोणाचं माप नीट घ्यायचं हे त्यातून कळतं.

---

लीड्सची_सून

माझं दोनदा गेलं, एकोणीस आणि बावीस आठवड्यांवर. मलाही पीसीओएस, आणि त्याच्या आधी तोंडाचा तुकडा काढलेला, त्यामुळे माझं नेमकं कशाने हे मी विचारणं सोडून दिलं.

इथली पद्धत सांगते, कारण भारतातल्या मैत्रिणींशी बोलताना गोंधळ होतो. इकडे ब्रिटनमध्ये निव्वळ इतिहासावरून टाका घालायचा तर तीन किंवा जास्त वेळा असं झालेलं असावं लागतं. त्याहून कमी असेल तर मुदतपूर्व प्रसूतीच्या खास क्लिनिकमध्ये नाव घालतात आणि सोळा ते चोवीस आठवडे दर दोन आठवड्यांनी टीव्हीएस करतात. लांबी घटली की टाका. अमेरिकेत एकदाच असं झालेलं असलं तरी तेराव्या-चौदाव्या आठवड्यात टाका देऊ करतात. त्यामुळे एकीला "थांबू, मोजू" आणि दुसरीला "घालूनच टाकू" असं ऐकायला मिळतं, आणि दोन्ही डॉक्टर बरोबर असतात.

माझा खालून घातलेला टाका दुसऱ्या वेळी टिकला नाही. तिसऱ्या वेळी पोटातून, वरच्या बाजूला घातला. त्याची इकडेच एक चाचणी झाली होती, २०२० मध्ये निकाल आला. आधी खालचा टाका फसलेल्या बायकांत बत्तीस आठवड्यांच्या आत प्रसूती: पोटातून टाका असेल तर ८ टक्के, पुन्हा खालूनच घातला तर ३३. मुलगी आता शाळेत जाते. तिथे जाताना रोज रडते, तो वेगळा धागा.

---

मांडवी

अवांतर, पण राहवत नाही. ज्या टाक्याबद्दल जगभर बोललं जातं त्यांतला एक आपल्या माणसाच्या नावाने ओळखला जातो: शिरोडकर टाका. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे, १८९९ चा जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे तिथेच प्राध्यापक. दुसऱ्या तिमाहीत पुन्हा पुन्हा होणाऱ्या गर्भपातावरची ही शस्त्रक्रिया त्यांनी १९५५ मध्ये छापली, तीही एका भारतीय नियतकालिकात. सुरुवातीला धागा म्हणून बाईच्याच मांडीतल्या आवरणाची पट्टी काढून ते वापरत. १९७१ मध्ये पद्मविभूषण. आमच्या माईंचं माहेर त्या बाजूचं, तिथल्या म्हाताऱ्या बायका गर्वाने सांगत.

---

पानगळ

अवांतर कसलं, नेमकं आहे. फक्त एक भर: आज भारतात बहुतेक ठिकाणी घातला जातो तो मॅकडोनल्ड टाका, १९५७ चा, मेलबर्नचा. तोंडाभोवती बटव्याची नाडी ओढावी तसा. सोपा, आणि छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात काढायलाही सोपा. शिरोडकर त्याच्या वर, मूत्राशय सरकवून घालतात.

टाका म्हणजे रामबाण नव्हे, हेही लिहून ठेवते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १२९२ बायका होत्या. हिशेब असा निघाला की पंचवीस टाके घातल्यावर तेहतीस आठवड्यांआधीची एक प्रसूती टळते. फायदा स्पष्ट दिसला तो तीन वा जास्त वेळा झालेल्यांत. म्हणून योग्य बाई निवडणं महत्त्वाचं.

प्रोजेस्टेरॉनबद्दल विपूत (विचारपुशीच्या निरोपांत) तिघींनी विचारलं आहे. लांबी १५ मिमी किंवा कमी असलेल्यांना रोज रात्री २०० मिग्रॅ योनीमार्गे दिल्यावर चौतीस आठवड्यांआधीची प्रसूती ३४ वरून १९ टक्क्यांवर आली, हा २००७ चा अभ्यास. आठवड्याला देतात ते हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. त्याची मान्यता अमेरिकेने एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली, कारण नंतरच्या मोठ्या चाचणीत उपयोग दिसला नाही. आपल्याकडे अजून सर्रास टोचतात.

आणि सुमाकाकू, रागावू नका. विटांनी आणि सक्तीच्या बेडरेस्टने तोंड बंद राहतं असा पुरावा नाही. बाळ काही घरंगळत खाली येत नसतं. उलट महिनोन्‌महिने पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होतात, स्नायू झडतात, आणि जिची शुगर आधीच काठावर आहे तिची आणखी वर जाते. मेथीदाणाला तर चालायला हवंय.

---

सुमाकाकू

रागावत नाही. पण मग जावेचा मुलगा कसा राहिला?

---

पानगळ

काकू, एकदा असं झालेल्या बऱ्याच बायकांचं पुढचं बाळंतपण काहीही न करता नीट पार पडतं. त्यामुळे त्या वेळी जे केलं असेल, विटा, गंडा, टाका, त्याला श्रेय मिळतं. आम्हा डॉक्टरांनाही मिळतं, आम्हीही घेतो.

---

निसर्गपुत्र

गर्भाशयमुख बळकट करणारं चूर्ण आमच्याकडे मिळेल, ४५ दिवसांचा कोर्स. विपू करा.

---

संपादक मंडळ

वरील सदस्याचे खाते गोठवले आहे. जाहिराती नकोत.

---

बोरकूट

बायकोचं बावीस आठवड्यांवर गेलं, म्हणून नवऱ्याच्या बाजूने एक कामाची गोष्ट. तिच्या ऑफिसात सांगितलं की बाळंतपण झालं नाही तर रजा कसली, मेडिकल टाका. चूक आहे ते. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि सव्विसाव्या आठवड्यापर्यंतचं सगळं त्यात गर्भपात म्हणूनच धरलंय. डिस्चार्ज कार्डावर आठवडे नीट लिहून घ्या. आम्ही छापील कलम पुढ्यात ठेवलं तेव्हा मिळाली. तोवर ती अकराव्या दिवशी कामावर जाऊन बसली होती.

---

मेथीदाणा

मी नवव्या दिवशी. आता काय.

थ्रीडी झाली, आकार नॉर्मल. डॉक्टर बदलल्या नाहीत. धाग्याची प्रिंट घेऊन त्यांच्यासमोर बसले. आधी कपाळाला आठी पडली, मग चष्मा लावून वाचलं. "टीव्हीएस सांगायला हवा होता," एवढंच म्हणाल्या. मला तेवढं पुरलं.

---

मेथीदाणा *(अकरा महिन्यांनी)*

धागा वर काढतेय.

वजन आता ७३. एचबीएवनसी ५.५ वर आल्यावर पुन्हा प्रयत्न केला, दिवस राहिले. यावेळी मेटफॉर्मिन चालू ठेवलंय, दोन्ही बाजू ऐकून मीच ठरवलं. थायरॉइडची छोटी गोळी. टाका सुरुवातीलाच घालायचा की मोजत राहायचं यावर डॉक्टरांशी तासभर बोलले, मोजायचं ठरलं. पहिल्या टीव्हीएसला बाहेरची मुलगी म्हणाली, "लघवी करून या मॅडम." मला हसूच फुटलं, तिला कळेना.

सोळा आठवडे: ३६ मिमी. अठरा: २९. प्रोजेस्टेरॉन सुरू. एकोणीस आठवडे पाच दिवस: २२, आणि आतलं तोंड वायसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाका. पाठीत भूल देऊन वीस मिनिटं. डॉक्टर म्हणाल्या मॅकडोनल्ड, मी म्हटलं शिरोडकर का नाही, त्या म्हणाल्या तुमच्या त्या धाग्याने माझं डोकं उठवलंय.

काल वीस आठवडे पाच दिवस होते. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, भाकऱ्या त्यांनीच केल्या. जाड झाल्या होत्या. पुढचं माप सोमवारी.

---

सुमाकाकू

सोमवारी किती भरलं ते लिही गं. आणि गच्चीवर पडलेल्या विटा मी नातवाला दिल्या, तो स्टंप म्हणून लावतो.